डाव्या हाताचं जहाज

दिवाळी तोंडावर आली, शेजारी चकलीची भाजणी दळून आली, की माझा हात वजनाची वही शोधायला लागतो. निवृत्त झाले, अकोल्याला लेकीजवळ राहायला आले, तरी ही खोड जात नाही. चिवडा म्हणजे मीठ, मीठ म्हणजे तहान, तहान म्हणजे पाणी. आणि पाणी म्हणजे सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभा राहून "सिस्टर, देवाशप्पथ, मी घोटभरच पेलो वो" असं तोंडावर खोटं बोलणारा माणूस. काटा खोटं बोलत नाही. मीही भिडेखातर गप्प बसणारी नव्हते. अमरावतीच्या एका दवाखान्यात मी डायलिसिस विभागाची इन्चार्ज होते आणि लोकांच्या पाण्यावर पहारा ठेवणं हे माझं अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं काम रक्त धुण्याचं. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. किडन्या बंद पडल्या की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, रक्तात घाण साचते, माणूस सुजतो, धापा टाकतो. मग त्याला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडायचं. एका सुईतून रक्त बाहेर काढायचं, हातभर लांबीच्या नळकांड्यातून गाळायचं, दुसऱ्या सुईतून परत आत सोडायचं. त्या नळकांड्याला आम्ही फिल्टर म्हणायचो. पेशंट म्हणायचे ‘माही किडनी’. एका माणसाचं फिल्टर धुऊन त्यालाच पुन्हा काही वेळा वापरतात, म्हणून त्यावर मार्करनं त्याचं नाव लिहायचं. जोडण्याआधी फिल्टर त्याच्या डोळ्यांसमोर धरायचं आणि त्यानं स्वतः "माहीच" म्हटल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. हा माझ्या विभागाचा नियम. डॉक्टर घाई करोत नाहीतर खुद्द मालक, तिथं मी कोणाचं ऐकलं नाही.

आता ज्यांच्यासाठी लेखणी हातात घेतली, ते आमचे चीफ. वसंतराव इंगळे, दर्यापूरचे. नौदलात इंजिनरूममध्ये सगळी नोकरी करून चीफ या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक रडतो, निदान सुया पाहून तोंड फिरवतो. हे गृहस्थ आले आणि थेट मशीनच्या मागं जाऊन वाकले.

"पंप कोन्ता हाये याच्यात?" त्यांनी विचारलं.

मी पंप दाखवला. त्यांनी कान लावून ऐकलं. मग म्हणाले, "हे तं आमच्या इंजिनरूमचं पोट्टं हाये सिस्टर. याच्या बापाले मी वीस वर्सं तेल पाजलं."

"तेल पाजलं असेल, पण आता तुम्ही पाणी बेतानं प्यायचं," मी म्हटलं. "दिवसाला अर्धा लिटर. चहा, ताक, वरण सगळं त्यातच."

"समुद्रात राहून आलो न् अर्धा लिटर?" ते हसले. सोबत आलेल्या त्यांच्या बायको, निर्मलाकाकू, पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, त्यांनाही हसू फुटलं.

दर्यापूरसारख्या काळ्या मातीतल्या गावातला पोरगा समुद्रावर कसा गेला, हे सगळेच विचारायचे. ते सांगायचे, "भरतीवाल्यानं इचारलं पोहता येते का, मी म्हटलं हो. विहिरीत येत होतं. मंग मुंबईले नेऊन समुद्र दाखवला. मी म्हटलं, बाप्पा, हे पानी कोन्त्या धरनाचं?" जहाजावर घरची पत्रं उशिरा पोचायची, पोरं रडकुंडीला यायची. अशा वेळी चीफ खडू घेऊन इंजिनरूमच्या फळ्यावर चित्र काढायचे. कोणाचं नाक, कोणाचं घोरणं, कोणाची सारखी सारखी बंदरात हरवणारी टोपी. एकदा कप्तानसाहेबांनी खाली येऊन स्वतःचंच चित्र पाहिलं, जहाजापेक्षा मोठी टोपी घातलेलं. साहेब म्हणाले, कान जरा लहान कर, आणि वर निघून गेले.

आमच्याकडे फळा नव्हता. पण फिल्टरची खोकी यायची, त्यांचा पुठ्ठा होता आणि नावं लिहायचा मार्कर होता. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला चीफनी तो मार्कर मागून घेतला. डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. चार तासांनी मी सुया काढायला गेले तर पुठ्ठ्यावर मीच होते. अंबाडा, चष्मा, हातात दंडुका आणि पाठीमागं साखळदंडानं बांधलेला माठ. समोर सगळे पेशंट रिकामे गिलास घेऊन गुडघ्यावर.

"हे काय आहे?" मी आवाज चढवला.

"तुमचा फोटो," बाजूच्या पलंगावरून बाबाराव म्हणाले, आणि सगळा वॉर्ड हसला. आमच्या वॉर्डात असं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, खरंच सांगते. मी तोंड वाकडं करून तो पुठ्ठा उचलला आणि काट्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. राग आल्याचं सोंग मात्र महिनाभर टिकवलं.

हे बाबाराव म्हणजे वेगळंच प्रकरण. संत्र्याच्या बागेचे मालक, आणि डायलिसिसच्या माणसाला संत्रं बंद. त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. ज्याची झाडं फळांनी वाकलीत त्याला फोडसुद्धा खायची नाही, हा काय न्याय आहे? पण बाबाराव खायचे. वर बोटांना वास यायचा तर म्हणायचे, "पेट्या भरून आलो, सिस्टर." चीफनी त्यांचं चित्र काढलं. बाबाराव बागेत डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेत आणि एक संत्रं पाय फुटून त्यांच्या तोंडाकडं चालत येतंय. खाली लिहिलं होतं, ‘मी काहीच केलं नाही’. माझ्या बोलण्यानं जे सुटलं नव्हतं ते संत्रं त्या चित्रानं बऱ्यापैकी सुटलं.

आणि रुक्माबाई. वलगावची माळीण. घरचं वांगं, भेंडी, झेंडू, सगळं तिच्या हातचं. तिला वाचता येत नव्हतं. फिल्टर तिच्यासमोर धरलं की ती नावाकडं बघून "असंन माहीच" म्हणायची, आणि मला ते ‘असंन’ टोचायचं. मी चिडून म्हणायची, "असंन नाही चालत बाई, आहे का नाही ते सांग."

"आता तुमीच लिहिलं, तुमालेच माहीत," ती म्हणायची.

चीफ हे ऐकत होते. त्यांनी फिल्टर मागून घेतलं आणि तिच्या नावाशेजारी एक वांगं काढलं. डेखासकट, काट्यासकट, तुकतुकीत. रुक्माबाईनं ते पाहिलं आणि ठसक्यात म्हणाली, "माहीच!" त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक नव्या फिल्टरवर वांगं आलं. मग ज्याला त्याला आपापलं चित्र हवं झालं. बाबारावांना संत्रं, एका मास्तरांना छडी. आमच्या विभागात फिल्टरची अदलाबदल कधी झाली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या, तेव्हा मी त्यांना रुक्माबाईच्या पलंगाशी नेलं आणि म्हटलं, विचारा तिला. याचा मला आजही अभिमान आहे.

एका हिवाळ्यात रुक्माबाई यायची बंद झाली. निरोप धाडला तर उत्तर आलं, पोरानं किती दिवस वावर टाकून माह्या मागं फिरावं, मी आता येत नाई. डायलिसिस सोडलं की माणूस फार काळ राहत नाही, हे तिलाही माहीत होतं. चीफनी पुठ्ठा घेतला. तिचा रिकामा पलंग काढला आणि त्यावर ओळीनं वांगी झोपवली. प्रत्येक वांग्याला नळी लावलेली, प्रत्येक वांगं रडतंय. मशीनजवळ मी दंडुका घेऊन उभी. दर्यापूरची जीप वलगाववरूनच जाते. चीफ घरी जाताना स्टँडवर उतरले, तिथल्या भाजीवाल्या बायांच्या हाती चित्र दिलं आणि पुढची जीप पकडली. चित्र अख्ख्या बाजारातून फिरत रुक्माबाईच्या घरी पोचलं. पुढच्या पाळीला ती काट्यावर हजर. सुजलेली, धापा टाकत, तरी चीफना म्हणाली, "वांग्याले कोनी नळी लावते का, बुवा?"

मी तिला रागावणार होते. त्याऐवजी गेले आणि उगाच मशीन पुसत बसले.

आता मुख्य गोष्ट. साध्या शिरेतून मशीनला पुरेल इतकं रक्त येत नाही, म्हणून हातातली धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यानं शीर जाड होते आणि तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. ती थरथर म्हणजे पेशंटचा जीव. ज्या हातानं माणूस काम करतो तो हात शक्यतो सोडून दुसऱ्या हातात हे करतात. सगळ्यांच्याच शिरा तेवढ्या धड नसतात, मग जो हात मिळेल तो. चीफचा फिस्टुला डाव्या हातात होता. रोज सकाळी काकूंचं बोट त्यावर ठेवून ते सांगायचे, "इंजिन चालू हाये."

एक दिवस आले आणि काट्यावर न चढता माझ्यासमोर उभे राहिले. "सिस्टर, इंजिन बंद पडलं."

मी हात पाहिला. थरथर नव्हती. रक्त गोठून शीर बंद झाली होती. डाव्या हातात आधी मनगटाशी फिस्टुला झाला होता, मग कोपराशी झाला होता, आता तिथं जागा उरली नव्हती. तात्पुरती मानेत नळी घातली आणि अकोल्याच्या सर्जनकडं पाठवलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उजव्या हातात फिस्टुला करू, पण काहींची बोटं त्यानं गार पडतात, पकड कमी होते, हेही सांगितलं. चीफ उठले आणि परत आले.

"उजवा हात नाई देत," त्यांनी मला सांगितलं.

"नाही देत म्हणजे? तुमच्या मर्जीनं चालायला हे काय जहाज आहे?"

"मानेतली नळी राहू द्या."

"ती पाहुणी आहे. घर करून राहायला नाही. जंतू शिरले तर सरळ रक्तात जातात. मराल!"

"बोटं गेली तं काय करू?"

"काहींचीच जातात चीफ."

"त्या काहीमंदी मी नाई कशावरून?" त्यांनी उजवा हात छातीशी धरला होता. "सिस्टर, मी इथं रक्त धुवाले येतच नाई. चित्र काढाले येतो. रक्त बाजूनं धुऊन निघते. उजव्यात सुया, डाव्याले चित्र येत नाई, चार घंटे नुसतं छत पाहत पडू? त्याच्यापेक्षा घरीच बरा."

मी बोलले, भरपूर बोलले, पण ऐकणारा माणूस नव्हता. निर्मलाकाकू बाहेरच्या बाकावर बसून माझा हात धरून म्हणाल्या, "चित्रं नाई काढली तं काय बिघडते वो? मले माणूस पाहिजे." डॉक्टर समजावून थकले. दिवस जात होते आणि मला भीती होती तेच झालं. ऐन डायलिसिसमध्ये त्यांना हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, ताप चढला. नळीतून जंतू शिरले होते. ती नळी काढली, इंजेक्शनं झाली, दुसरीकडून नवी घातली. त्या खेपेला वाचले. पुढच्या वेळची खात्री डॉक्टरही देईनात.

त्यानंतर आले तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडले. उजवा हात मोकळा, मार्कर उशाशी, पण पुठ्ठ्याला हात नाही. वॉर्ड एवढा गप्प की बाबाराव संत्र्याबद्दल खोटंसुद्धा बोलले नाहीत. सगळ्यांना कळत होतं, माणूस हातचा चालला.

तेव्हा शेजारच्या पलंगावरून रुक्माबाई म्हणाली, "सिस्टर, थो मार्कर द्या इकडं. अन् खोक्याचा एक तुकडा."

मी दिला. तिनं पुठ्ठा पोटावर ठेवला आणि दात-ओठ खात काहीतरी गिरवायला लागली. जन्मात लेखणी न धरलेली बाई. पुठ्ठा घसरायचा, मार्कर सुटायचा, मी उचलून द्यायची. बऱ्याच वेळानं म्हणाली, "द्या त्याईले."

मी चीफसमोर धरलं. त्यांनी मान वळवली. पाहिलं, परत पाहिलं.

"हे काय हाये, रुक्माबाई?"

"जहाज."

"जहाज? हे तं कढई हाये. अन् हे भजं काहून तळून राहिली?"

"थे भजं नोहे, थे तुमी हा."

चीफना हसू आलं. मोठ्यानं हसले, इतके की नळ्या हलून मशीनची घंटी वाजली. "बाई, कोन्त्या हातानं काढलं वो हे?"

"डाव्या," ती म्हणाली. "उजवा कुठी हाये माह्यापाशी? थो तं पहिल्या दिसापासून इथं मशीनले बांधलेला हाये."

चीफनी मान उचलून तिच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तिच्या डाव्या हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या, म्हणून तिचा फिस्टुला उजव्या हातात होता. ज्या हातानं ती वांगी तोडायची, भाकरी थापायची, त्याच हातात. आम्हा सगळ्यांची नाकं, कान, अंबाडे टिपणाऱ्या माणसानं शेजारच्या पलंगावरचा तो हात इतक्या दिवसांत पाहिलाच नव्हता.

"माह्यासाठी रडनारे वांगे धाडले तुमी," रुक्माबाई म्हणाली, "वलगावच्या बाजारात माही फजिती केली. मले वापस आनलं. अन् आता सोता पळून राहिले? शोभते का भाऊ?"

कढईचा तो पुठ्ठा उशाशी गेला. मग चीफनी मला हाक मारली. "सिस्टर, अकोल्याच्या डॉक्टरले फोन लावा."

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून अकोल्याला गेले. हात बधिर करून टाके घातले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तो चीफच्या कानाला दिला. आतून घूं घूं आवाज येत होता. "झालं चालू," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. भीती अगदीच खोटी ठरली नाही, हेही सांगायला हवं. करंगळी आणि शेजारचं बोट गार राहिलं, पकड ढिली झाली. उजव्या हाताची ती सरळ, नेमकी रेघ परत आली नाही.

नव्या फिस्टुलात पहिली सुई घालणं हे आमच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. शीर कोवळी असते, सुई जराशी आरपार गेली की हात काळानिळा होतो आणि सगळं ऑपरेशन पाण्यात. ते मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. चीफनी हात पुढं केला, म्हणाले, "संभाळा सिस्टर, याच हातानं तुमचा अंबाडा काढला हाये." मी श्वास धरून सुई घातली. पहिल्याच खेपेला लाल रक्त नळीत चढलं. आयुष्यात मी कितीतरी सुया टोचल्या असतील, पण ती सुई माझी.

मग रुक्माबाईची पाळी. तिचं फिल्टर त्या दिवशी नवं होतं. चीफनी डाव्या हातात मार्कर मागितला आणि तिच्या नावाशेजारी वांगं काढलं. ते भोपळ्यासारखं झालं. मी फिल्टर तिच्यासमोर धरलं.

"हे माही नोहे," ती म्हणाली.

"अगं नाव तुझंच आहे!"

"नाव मले वाचता येत नाई. माह्या किडनीवर वांगं अस्ते. हे कोन्या भोपळेवालीची हाये. तुमचाच नियम हाये ना सिस्टर, माही म्हटल्याशिवाय चालू करायचं नाई?"

माझ्याच नियमानं मला बांधलं होतं. मशीन तयार, घड्याळ पुढं चाललेलं, आणि बाई आडवी पडून छताकडं बघतेय. चीफनी स्पिरिटनं पुसून परत काढलं. ती नाही म्हणाली. परत पुसलं. सगळा वॉर्ड माना उंचावून पाहत होता. शेवटी तिनं डोळे बारीक करून पाहिलं, म्हणाली, "हं, थोडंसं वांग्यावानी दिसून राहिलं. घ्या माहीच." तेव्हा कुठं मला कळलं, ही बाई काय करून राहिली ते. पुढं प्रत्येक नव्या फिल्टरला तिनं हाच छळ मांडला. छळता छळता चीफचा डावा हात तयार झाला.

रेघ वाकडीच राहिली. जहाज काढलं की ते कलंडलेलं, माणूस काढला की डुलणारा. चीफ म्हणायचे, "आता खरं जहाज जमून राहिलं. सरळ जहाज फक्त कॅलेंडरवर अस्ते." मला विचाराल तर डाव्या हाताची चित्रं जास्त हसवायची. त्या हातानं त्यांनी आणखी काही वर्षं आम्हाला हसवलं. मग एका पहाटे दर्यापूरला, स्वतःच्या घरात, झोपेतच गेले. सकाळी काकूंनी सवयीनं हातावर बोट ठेवलं आणि त्यांना समजलं.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला मी अमरावतीला जुन्या विभागात गेले. माणसं बदललीत, मशीनं नवी आलीत. काट्याच्या वर माझा दंडुकेवाला फोटो अजून आहे, पुठ्ठा पिवळा पडलाय. रुक्माबाई तिच्या पलंगावर होती, थकलेली, पण आवाज तोच. नव्या सिस्टरनं तिचं फिल्टर आणलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, मावशी दर वेळी मार्कर मागून डाव्या हातानं यावर चित्रं काढतात. हे वांगं आहे ते कळतं. पण शेजारी ही कढई कशाला काढतात?"

"कढई नाही ती," मी म्हटलं. "जहाज आहे. आणि ते भजं नाही. ते आमचे चीफ आहेत."

पोरीला काही उमगलं नाही. तिनं नियमाप्रमाणे फिल्टर रुक्माबाईच्या डोळ्यांसमोर धरलं. रुक्माबाईनं आधी ते जहाज पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "माहीच हाये. कर चालू."